माशाची ओळख : प्रथिनांच्या साक्षीने

अख्खा मासा पुढ्यात असला म्हणजे तो ओळखणे फारसे कठीण नसते. पापलेटचा चपटा रुपेरी देह, बांगड्याच्या पाठीवरील निळसर हिरवी झाक, सुरमईच्या कुशीवरचे पट्टे, बोंबलाचे लिबलिबीत अंग आणि रुंद जबडा ही लक्षणे किनाऱ्यावर वाढलेल्या मुलालासुद्धा पाठ असतात. जेथे नुसत्या नजरेने काम भागत नाही, तेथे मत्स्यशास्त्रज्ञ परांतील काटे मोजतो, खवल्यांच्या रांगा मोजतो, दातांची ठेवण तपासतो. फ्रान्सिस डे ह्यांनी १८७५ ते १८७८ ह्या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘द फिशेस ऑफ इंडिया’ ह्या ग्रंथात आपल्या देशातील माशांची वर्णने अशाच लक्षणांच्या आधारे केलेली आहेत.

परंतु ही सर्व लक्षणे माशाचे डोके, कातडी, पर आणि सांगाडा ह्यांवर असतात. मासा सोलून, काटे काढून, त्याचे काप करून ते गोठविले म्हणजे लक्षणे टाकाऊ भागाबरोबर निघून जातात आणि हाती उरतो तो पांढऱ्या मांसाचा एक तुकडा. पन्नास जातींच्या माशांचे असे तुकडे एका ताटात मांडले, तर अनुभवी कोळीणही त्यांपैकी बऱ्याच तुकड्यांविषयी खात्रीने काही सांगू शकणार नाही. तो मासा कोणता, ह्याविषयीची साक्ष त्या वेळी फक्त वेष्टनावरची चिठ्ठी देत असते; आणि चिठ्ठीवर काय लिहावे हे विकणाऱ्याच्या हाती असते.

अशा प्रसंगी त्या मांसालाच प्रश्न विचारता येईल काय? येतो. मांसात जी प्रथिने असतात, त्यांच्या घडणीत माशाची जात लिहिलेली असते. ते लेखन वाचण्याच्या पद्धती गेल्या सत्तर वर्षांत कशा सिद्ध झाल्या, त्या कोठे उपयोगी पडतात आणि कोठे अपुऱ्या ठरतात, हे ह्या पुस्तिकेत सांगावयाचे आहे.

नावाला इतके महत्त्व का?

माशाला अनेक नावे असणे ही फसवणूक नव्हे. रायगड जिल्ह्यातील जिताडा तोच कोलकात्याचा भेटकी आणि तोच ऑस्ट्रेलियातील बारामुंडी होय. शास्त्रीय भाषेत तिन्ही मिळून ‘लेटीस कॅल्केरिफर’ ही एकच जाती. उलटपक्षी, आपल्याकडील रावस इंग्रजी व्यापारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून ओळखला जात असला, तरी थंड प्रदेशातील खऱ्या सॅमनच्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. लोकव्यवहारातील नावे अशीच असतात. जेव्हा एका जातीचे नाव लावून दुसऱ्याच, बहुधा स्वस्त, जातीचे मांस विकले जाते तेव्हा मात्र प्रश्न गंभीर होतो. मेकाँग नदीतून आलेला आणि आता आंध्र प्रदेशातील तळ्यांतही वाढविला जाणारा पांगास मासा घ्या. त्याचे काप पांढरे, बिनकाट्याचे व सौम्य चवीचे असतात. त्या नावाने तो विकला जावा ह्यात गैर काहीच नाही. परंतु तेच काप भेटकीच्या किमतीला व भेटकीच्या नावाने खपविले, तर ग्राहकाचे पैसे तर जातातच, शिवाय खरी भेटकी आणणाऱ्या मच्छीमाराचा भावही पडतो. आपल्या देशातील २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमानुसार, एका अन्नपदार्थाचे नाव लावून दुसरा पदार्थ विकणे हा ‘मिथ्या छापा’चा प्रकार ठरतो.

प्रश्न केवळ पैशाचा असता, तर एवढा खटाटोप करावा लागला नसता. २००७ साली अमेरिकेतील शिकागो परिसरात दोन व्यक्तींनी घरी केलेले माशाचे सूप घेतले आणि त्या आजारी पडल्या. मासा चीनमधून आलेला होता व त्यावर ‘मंकफिश’ असे नाव होते. चौकशीअंती तो केंड माशाच्या कुळातला निघाला. ह्या कुळातील अनेक जातींच्या अंगी टेट्रोडोटॉक्सिन नावाचे विष असते. ते मज्जातंतूंचे कार्य थांबविते, आणि शिजविल्याने नाहीसे होत नाही. त्याच वर्षाच्या आरंभी हाँगकाँगमध्ये ‘कॉड’ म्हणून विकलेला मासा खाऊन अनेकांना तेलकट अतिसार झाला व शेकडो ग्राहकांनी तक्रारी केल्या. तो मासा कॉड नसून ऑइलफिश होता. त्याच्या मांसात मेणासारखा स्निग्ध पदार्थ फार मोठ्या प्रमाणात असतो, आणि मनुष्याच्या आतड्यात तो पचत नाही.

तिसरी बाजू संरक्षणाची आहे. काही सागरी प्राण्यांची शिकार कायद्याने बंद केलेली आहे. आपल्या देशात देवमुशी म्हणजे व्हेल शार्क ह्या प्रचंड माशाला २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. पण कापलेल्या मांसाला जर कोणतेही नाव देता येत असेल, तर बंदी केवळ कागदावर राहते. म्हणून मांसाच्या तुकड्यावरून जाती सिद्ध करता येणे ही व्यापार, आरोग्य आणि निसर्गरक्षण ह्या तिन्ही क्षेत्रांची गरज आहे.

मांसात काय असते?

माशाच्या ताज्या मांसात वजनाच्या सुमारे १५ ते २० टक्के प्रथिने असतात. बहुतेक उरलेला भाग पाणी व स्निग्ध पदार्थ ह्यांचा. ह्या प्रथिनांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. पहिला गट स्नायूंच्या धाग्यांचा. आकुंचन व प्रसरण घडवून आणणारी ॲक्टिन, मायोसिन इत्यादी प्रथिने ह्यात येतात व एकूण प्रथिनांचा सर्वांत मोठा हिस्सा त्यांचा असतो. दुसरा गट ह्या धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा. तो अल्प असतो. तिसरा गट धाग्यांच्या भोवतालच्या द्रवात विरघळलेल्या प्रथिनांचा. एकूण प्रथिनांपैकी सुमारे २० ते ३० टक्के प्रथिने ह्या गटातील असून साध्या थंड पाण्यात ती उतरतात. माशाची ओळख पटविण्याच्या कामी आरंभापासून मुख्य साक्षीदार ठरला तो हाच तिसरा गट होय.

हे असे का, ते समजण्यासाठी प्रथिनाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. वीस प्रकारच्या ॲमिनो अम्लांचे मणी एका विशिष्ट क्रमाने ओवून जी माळ तयार होते, ते प्रथिन. मण्यांचा क्रम आनुवंशिकतेने ठरतो. दोन जाती एकमेकींपासून दूर गेल्या, की लाखो वर्षांच्या ओघात त्यांच्या माळांतील काही मणी बदलतात. प्रथिनाचे काम तेच राहते, पण एखाद्या ठिकाणी विद्युत्-भार नसलेल्या मण्याऐवजी भार असलेला मणी येतो. डोळ्यांना, जिभेला किंवा नाकाला हा फरक कळत नाही. विजेला मात्र तो कळतो.

शाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

पाण्यात उतरणारी प्रथिने डोळ्यांनी पाहण्यासाठी एक साधा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल. (ज्या विद्यार्थ्यांना मासे बाधतात, त्यांनी ह्या प्रयोगापासून दूर राहावे.) एकाच माशाचे दोन सारखे तुकडे घ्यावे. पहिला तुकडा कच्चाच बारीक चिरून थोड्या थंड पाण्यात कालवावा, पंधरा मिनिटे ठेवावा व ते पाणी स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यावे. गाळलेले पाणी एका परीक्षानळीत मंद आचेवर तापविले, की त्यात पांढरे पुंजके धरू लागतात. अंड्याचा पांढरा बलक तापल्यावर जसा थिजतो, तशीच ही क्रिया आहे. पाण्यात उतरलेली प्रथिने उष्णतेने थिजून बाहेर पडली.

आता दुसरा तुकडा अगोदर चांगला उकळून, थंड करून, तसाच बारीक करावा. नवीन थंड पाण्यात कालवावा, गाळावा आणि ते पाणी तापवावे. ह्या वेळी पुंजके जवळजवळ दिसणार नाहीत, कारण बहुतेक प्रथिने मांसातच थिजून बसली. पाण्यात उतरावयास ती मोकळी राहिली नाहीत. दोन नळ्यांतील हा फरक विसरू नये. पुढे येणाऱ्या एका मोठ्या अडचणीचे मूळ त्यातच आहे.

विजेच्या ओढीने वेगळी होणारी प्रथिने

प्रथिनांच्या द्रावणातून विद्युत्-प्रवाह नेला असता निरनिराळी प्रथिने निरनिराळ्या वेगाने सरकतात. ह्या क्रियेला विद्युत्-संचारण म्हणतात. स्वीडनमधील अप्साला येथील शास्त्रज्ञ आर्ने टिसेलियस ह्यांनी १९३७ साली ह्या क्रियेने रक्तरसातील प्रथिने वेगळी करून दाखविली, आणि १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

माशाच्या स्नायूंकडे हे साधन लवकरच वळले. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे १९२९ साली स्थापन झालेले टॉरी संशोधन केंद्र मासे टिकविण्याच्या शास्त्रासाठी प्रसिद्ध होते. तेथील जे. जे. कॉनेल ह्यांनी अनेक जातींच्या माशांच्या मांसाचे अर्क टिसेलियस पद्धतीने तपासून १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येक जातीच्या अर्काचा आलेख तिच्यापुरता वैशिष्ट्यपूर्ण असतो, असे त्यांना दिसून आले. कॉनेल ह्यांचा मूळ हेतू स्नायूंतील प्रथिनांचा अभ्यास हा होता. परंतु ओळख पटविण्याच्या शास्त्राचा पाया त्या आलेखांनी घातला.

टिसेलियस ह्यांचे यंत्र मोठे, महाग आणि चालविण्यास अवघड होते. शिवाय द्रवात वेगळी झालेली प्रथिने पुन्हा एकमेकांत मिसळू पाहत. टोरांटो येथे काम करणारे ऑलिव्हर स्मिथीज ह्यांनी १९५५ साली ह्यावर एक घरगुती वाटणारा उपाय काढला. परीटघडीसाठी कपड्यांना जी स्टार्चची खळ लावतात, तिच्यासारख्याच घट्ट थराचा त्यांनी उपयोग केला. ह्या थरातील सूक्ष्म छिद्रांतून प्रथिने सरकत जातात, आपापल्या जागी थांबतात आणि रंग दिला म्हणजे पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. पुढे स्टार्चऐवजी पॉलिॲक्रिलामाइड ह्या कृत्रिम पदार्थाचा पारदर्शक थर वापरात आला. आता एका काचेवर अनेक नमुने शेजारी-शेजारी लावून त्यांची तुलना करणे शक्य झाले.

समविद्युत् बिंदू

माशांच्या ओळखीसाठी ह्याहूनही सूक्ष्म असे एक साधन पुढे आले. त्याचे तत्त्व दह्याच्या उदाहरणाने समजेल. दुधातील केसीन हे प्रथिन ताज्या दुधात ऋण विद्युत्-भार धारण करते, व त्यामुळे त्याचे कण एकमेकांना दूर लोटत दुधात तरंगत राहतात. विरजण लावले, की दुधाची आम्लता वाढत जाते. आम्लता मोजण्याचे जे पीएच नावाचे माप आहे ते सुमारे ६·७ वरून खाली उतरू लागते. ४·६ च्या आसपास आले, की केसीनवरचे धन व ऋण भार समसमान होतात, कण एकमेकांना लोटीनासे होतात आणि दही लागते. ज्या पीएच मूल्याला प्रथिनावरील एकूण भार शून्य होतो, त्याला त्या प्रथिनाचा समविद्युत् बिंदू म्हणतात.

आता अशी कल्पना करा, की एका पातळ थराच्या एका टोकास पीएच ३ आहे, दुसऱ्या टोकास १० आहे, आणि मध्ये ते क्रमाक्रमाने वाढत गेले आहे. आम्ल टोकास धन अग्र व दुसऱ्या टोकास ऋण अग्र जोडले. ह्या थरावर ठेवलेले प्रथिन आपल्या विद्युत्-भाराच्या ओढीने चालू लागेल. चालताना त्याच्या भोवतालचे पीएच बदलत जाईल व त्याबरोबर त्याचा भार कमी होत जाईल. आणि समविद्युत् बिंदूशी पोहोचताच, भारच न उरल्यामुळे, ते थांबेल. थोडे पुढे सरकले, तर उलट प्रकारचा भार येऊन ते पुन्हा मागे ओढले जाईल. अशा रीतीने प्रत्येक प्रथिन आपल्या ठरलेल्या जागी एका बारीक रेषेत गोळा होते. स्वीडनमधील हॅरी स्वेन्सन ह्यांनी १९६१ साली ह्या पद्धतीची उपपत्ती मांडली, व थरात पीएचचा असा उतार टिकवून धरणारी द्रव्ये त्यानंतर ओलोफ व्हेस्टरबर्ग ह्यांनी तयार केली. एका मण्याचा भार बदलला, तरी समविद्युत् बिंदू सरकतो व रेषेची जागा बदलते. म्हणूनच जाती ओळखण्यास ही पद्धत विशेष अनुकूल ठरली.

प्रत्यक्ष कृती अशी : मांसाचा ग्रॅमभर तुकडा थोड्या पाण्यात वाटतात. मिश्रण वेगाने फिरवून गाळ खाली बसवितात व वरचे निवळ पाणी घेतात. त्याचे काही थेंब थंड ठेवलेल्या थरावर देऊन उच्च दाबाचा विद्युत्-प्रवाह सोडतात. एक-दोन तासांत प्रथिने आपापल्या जागी पोहोचतात. मग थराला कूमासी नावाचा निळा रंग देतात. हा रंग मुळात लोकर रंगविण्यासाठी होता, आणि त्याचे नाव आफ्रिकेतील कुमासी ह्या शहरावरून पडले आहे. जादा रंग धुऊन काढला, की निळ्या रेषांची एक मालिका उमटते. सकाळी आलेल्या नमुन्याचे उत्तर त्याच दिवशी मिळू शकते.

रेषांचे वाचन

ह्या रेषा स्वतः बोलत नाहीत, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ‘ह्या ठिकाणी रेषा आहे, म्हणून हा अमुक मासा’, असा निवाडा कोणताही जबाबदार परीक्षक करीत नाही. संशयित नमुन्याच्या शेजारी, त्याच थरावर आणि त्याच वेळी, खात्रीने ओळखलेल्या माशांचे अर्क लावलेले असतात. संशयिताची मालिका त्यांपैकी एकीशी रेषेला रेष जुळली, तरच ओळख पटली असे म्हणतात.

तेव्हा ह्या सर्व शास्त्राचा आधार अखेर त्या खात्रीच्या माशावर आहे. तो कोणी ओळखला? डोके, पर व खवले शाबूत असताना, काटे मोजून, जुन्या ग्रंथांतील वर्णनाशी ताडून मत्स्यशास्त्रज्ञानेच तो ओळखलेला असतो. असा मासा संग्रहालयात जपून ठेवावा लागतो. पुढे शंका आली, तर तो पुन्हा काढून पाहता यावा म्हणून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांचा जो कोश तयार केला, त्यात अख्ख्या माशाचे चित्र, त्याच्या कापाचे चित्र आणि प्रथिनांच्या रेषांची मालिका एकत्र दिलेली आहे, ती ह्याच कारणाने. एकच मासा तपासूनही भागत नाही. माणसामाणसांत जसे रक्तगट भिन्न असतात, तशी एकाच जातीच्या दोन माशांत एखादी रेषा कमी-अधिक असू शकते. म्हणून प्रत्येक जातीचे अनेक मासे तपासून, सर्वांत आढळणाऱ्या रेषा कोणत्या हे अगोदर ठरवावे लागते.

शिजविलेल्या माशाचे काय?

आता आपल्या प्रयोगातील दुसऱ्या नळीकडे वळू. मासा शिजला, की पाण्यात उतरणारी बहुतेक प्रथिने थिजून जातात व रेषांची मालिका पुसली जाते. तळलेला, वाफविलेला किंवा डब्यात भरून निर्जंतुक केलेला मासा त्यामुळे फार काळ परीक्षकांच्या हाती लागत नव्हता. ह्या अडचणीतून तीन वाटा निघाल्या.

पहिली वाट, थिजलेले प्रथिन रासायनिक उपायाने तोडून त्याचे लहान तुकडे पाण्यात उतरविण्याची. टॉरी केंद्रातील संशोधकांनी १९७० च्या सुमारास डबाबंद माशांच्या बाबतीत ही वाट चोखाळली. दुसरी वाट, थिजलेली प्रथिने युरियाच्या अथवा साबणासारख्या तीव्र द्रव्याच्या साहाय्याने पुन्हा विरघळविण्याची. हँबुर्ग येथील मत्स्यसंशोधन संस्थेने व युरोपातील इतर प्रयोगशाळांनी १९९० नंतरच्या दशकात एकच नमुने निरनिराळ्या ठिकाणी तपासून ही पद्धत पारखून घेतली.

तिसरी वाट सर्वांत मनोरंजक आहे. उष्णतेला दाद न देणारे एखादे प्रथिन मुळातच मांसात आहे काय, असा शोध घेता पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन हाती लागले. ते अगदी लहान असते. कार्प माशात त्याच्या माळेत अवघे १०८ मणी असतात. कॅल्शियमला धरून ठेवून आकुंचित स्नायू झटकन सैल करण्यास ते मदत करते, आणि म्हणून चपळ हालचाली करणाऱ्या पांढऱ्या स्नायूंत ते भरपूर असते. १९७३ साली कार्पमधील पार्व्हाल्ब्युमिनची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाली. कॅल्शियमला धरून ठेवणारी तिच्यातील घट्ट घडी पुढे इतर अनेक प्रथिनांतही आढळली. शिजविल्यानंतरही हे प्रथिन बऱ्याच अंशी पाण्यात उतरते, आणि त्याच्या रेषा जातीजातींत भिन्न असतात.

ह्याच प्रथिनाची दुसरी बाजू अशी, की मासे बाधणाऱ्या बहुसंख्य रुग्णांमध्ये ॲलर्जी उत्पन्न करणारा मुख्य पदार्थही तेच आहे. नॉर्वेतील संशोधकांनी कॉड माशाच्या अभ्यासातून हे दाखवून दिले. उष्णतेला व पचनरसांना तोंड देण्याचा जो गुण परीक्षकाला उपयोगी पडतो, तोच रुग्णाला अपायकारक ठरतो. ट्यूनासारख्या गडद मांसाच्या माशांत मात्र हे प्रथिन कमी असते, म्हणून त्यांच्या ओळखीत त्याचा भरवसा कमी.

तुकड्यांचे वजन

रेषांची तुलना करण्याऐवजी प्रथिनातील मण्यांचा क्रमच वाचता आला, तर संशयाला जागा राहणार नाही. हे काम आता वस्तुमान वर्णपटमापक ह्या यंत्राने होते. ट्रिप्सिन हे पाचक विकर प्रथिनाची माळ सर्वत्र तोडीत नाही. लायसिन व आर्जिनिन ह्या दोनच मण्यांनंतर ती तोडते. त्यामुळे एकाच प्रथिनाचे तुकडे नेहमी सारखेच पडतात. त्या तुकड्यांचे वजन यंत्र अत्यंत सूक्ष्मतेने करते, आणि एखादा मणी बदललेला असला, तर बहुधा तुकड्याच्या वजनातच फरक दिसतो. इतके नाजूक रेणू न मोडता यंत्रात उडवावे कसे, हा मोठा प्रश्न होता. तो सोडविल्याबद्दल जॉन फेन व कोइची तानाका ह्यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

स्पेनमधील व्हिगो हे युरोपातील एक मोठे मासेमारी बंदर. तेथे हेक नावाच्या माशाला फार मागणी आहे. ह्या माशाच्या अनेक जाती असून युरोपच्या पाण्यातील हेक महाग, तर दक्षिण आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथून गोठवून येणारे हेक स्वस्त. कापल्यानंतर ते एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. व्हिगो येथील सागरी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पार्व्हाल्ब्युमिनचे असे तुकडे निवडून काढले, की जे विशिष्ट जातींतच आढळतात. २०११ साली त्यांनी वर्णन केलेल्या पद्धतीत नमुना तयार करण्यापासून उत्तर मिळेपर्यंतचा सर्व वेळ दोन तासांच्या आत येतो, आणि प्रक्रिया केलेल्या मांसावरही ती चालते.

डीएनएची साक्ष आणि प्रथिनांच्या मर्यादा

प्रथिनांचा क्रम ज्या आनुवंशिक द्रव्यात लिहिलेला असतो, ते डीएनएच का वाचू नये, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी ह्यांनी २००३ साली असे सुचविले, की सर्व प्राण्यांतील एका ठराविक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग वाचून जाती ओळखावी. ही पद्धत सर्वत्र पसरली, आणि २०११ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिचा अधिकृत स्वीकार केला. डीएनए शरीराच्या प्रत्येक भागात तेच असते, आणि त्याचे वाचन अंकांप्रमाणे साठवून जगात कोठेही ताडून पाहता येते. हे त्याचे मोठे गुण. परंतु डबाबंद करण्याच्या तीव्र उष्णतेत त्याचेही बारीक तुकडे होतात, आणि वाचनास साधने व वेळ लागतो. म्हणून दोन्ही साक्षी परस्परांना पूरक मानाव्या. साध्या प्रयोगशाळेत कच्च्या कापाची झटपट तपासणी करावयाची असेल, तर प्रथिनांच्या रेषा पुरेशा होतात. वादाचा निकाल द्यावयाचा असेल, तर डीएनए अथवा तुकड्यांचे वजन ह्यांचा आधार घ्यावा लागतो.

काही प्रश्नांना प्रथिने उत्तर देत नाहीत. ट्यूनाच्या किंवा सॅमनच्या अगदी जवळच्या जातींतील रेषा इतक्या सारख्या असतात, की निर्णय अवघड होतो. मासा कोणत्या समुद्रात धरला किंवा तळ्यात वाढविला, हे त्यांवरून कळत नाही. अनेक माशांच्या मिश्रणात रेषा एकमेकींवर चढतात. सुरीमीची गोष्ट तर आणखी निराळी. राणी माशासारख्या माशांचे मांस पुनःपुन्हा पाण्याने धुऊन हा पांढरा लगदा तयार करतात. त्या धुण्यात पाण्यात उतरणारी प्रथिने वाहून जातात. म्हणजे आपला मुख्य साक्षीदारच मोरीत जातो. अशा वेळी मागे राहिलेल्या धाग्यांच्या प्रथिनांचे तुकडे किंवा डीएनए ह्यांकडे वळावे लागते.

उपसंहार

कॉनेल ह्यांच्या आलेखापासून व्हिगोच्या यंत्रापर्यंतच्या ह्या वाटचालीत साधने पुष्कळ बदलली, तरी युक्तिवाद एकच राहिला आहे. माशाच्या अंगावरील खुणा कापून टाकता येतात. त्याच्या मांसाच्या घडणीतील खुणा कापता येत नाहीत. मात्र त्या वाचण्यासाठी प्रयोगशाळेइतकीच संग्रहालयाची, आणि रसायनशास्त्रज्ञाइतकीच काटे मोजणाऱ्या मत्स्यशास्त्रज्ञाची गरज असते. आपल्या किनाऱ्यांवर व नद्यांत माशांच्या जाती पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावे प्रत्येक भाषेत निराळी आहेत. प्रत्येक जातीचा खात्रीचा मासा जपून ठेवणे, त्याची निरनिराळ्या भाषांतील नावे टिपून ठेवणे आणि त्याच्या प्रथिनांचा व डीएनएचा लेख त्याच्याशी जोडून ठेवणे, हे काम जेवढे पुरे होईल, तेवढी आपली तपासणी भक्कम होईल.

ह्या तपासणीचा लाभ केवळ ग्राहकाला होतो असे समजू नये. ज्याला मासे बाधतात त्या रुग्णाला, नामशेष होत चाललेल्या प्राण्याला, आणि पहाटे जाळे ओढून खरा मासा खऱ्या नावाने विकणाऱ्या कोळ्याला ती सारखीच हितकर आहे. चिठ्ठीवरचे नाव आणि चिठ्ठीखालचा मासा एकच असावा, एवढीच त्या सर्वांची रास्त अपेक्षा असते.